काकांचा नवा सायलेन्सर

आमचे विनायककाका सरकारी नोकरीत जन्मभर हळू आवाजात बोलले. रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी नोएडात गाडीचा सायलेन्सर बदलून घेतला आणि म्हाताऱ्या गाडीला वाघाचा आवाज फुटला. ‘पिकअप बघ, यार!’ असं ते ज्याला त्याला सांगत. काकूंनी त्या गाडीत पाऊल टाकलं नाही.

संक्रांतीला दिल्लीची मराठी मंडळी पानिपतला, काला अंबच्या स्मारकाशी जमली. काकू मंडळाच्या बसने वेळेवर पोचल्या. काका वाटेत ढाब्याढाब्यावर गाडीचा आवाज ऐकवत बसले. इकडे सगळे मान खाली घालून स्तब्ध उभे असताना गाडी गर्जत आत शिरली.

काकूंनी कपाळावर हात मारला. "आली पुण्याची कुमक! याही वेळी उशिराच."