माइक न धरण्याची अट

माझ्या मुलीने लग्नासाठी दोन अटी घातल्या. मुलाकडच्यांना एकही नाही, दोन्ही मला. पहिली, आप्पांनी नगरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायचं. दुसरी, लग्नात माइक हातात घ्यायचा नाही. जमणार नसेल तर आम्ही कचेरीत सह्या करून मोकळे होतो, तुम्हाला फोटो पाठवते. हे ती मला म्हणाली नाही. आईला म्हणाली, आणि मी समोरच खुर्चीत पेपर वाचत होतो.

मी निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या मिरजगावच्या पट्ट्यात माझ्याशिवाय लग्न लागत नाही, असं लोक म्हणत. निदान मी तरी तसं सांगत असे. आमच्याकडे अक्षता पडण्याआधी सत्कार असतात. आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याला शाल, नारळ, फेटा, आणि मग त्याचे आशीर्वादाचे दोन शब्द. ती नावं पुकारायला आणि मधल्या जागा भरायला एक बोलका माणूस लागतो. वीस वर्षं तो मी होतो. मधल्या जागा मी माझ्याच गोष्टींनी भरत असे.

माझ्या मुलाच्या लग्नात मुहूर्त बारा पस्तीसचा होता. मी सव्वाबाराला "दोनच शब्द" म्हणून माइक घेतला आणि एक वाजून दहा मिनिटांनी ठेवला. अनवाणी चालत गाठलेली शाळा, स्कॉलरशिप, पहिली नोकरी, सगळं सांगितलं. सून हार हातात धरून उभी होती. ऐन वैशाख, वर पत्रा तापलेला. तिची आजी चक्कर येऊन पडली. मी माइकवरूनच म्हणालो, "कुणीतरी पाणी द्या," आणि पुढचं वाक्य सुरू केलं. मला त्या दिवसाच्या फक्त टाळ्या आठवत होत्या. आजीची आठवण मुलीने करून दिली. मुलगा आता पुण्यात असतो आणि आईच्या मोबाईलवर फोन करतो.

डॉक्टरकडे मी गेलो तो मुलीला खोटं पाडायला. प्रमाणपत्रांची फाईल सोबत घेतली होती, वरचा आदर्श शिक्षकाचा कागद लॅमिनेट केलेला. डॉक्टरबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी फाईल उघडली नाही. शेजारच्या खुर्चीवर ठेवा म्हणाल्या. तासभर त्या फाईलकडे बघत मी रागाने धुमसत होतो.

पुढे दर गुरुवारी एसटीने नगर. कितव्यातरी गुरुवारी मीच चिडून विचारलं, मला झालंय तरी काय? त्या म्हणाल्या, नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर. म्हणजे गर्विष्ठ, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, नुसतं तसं नाही. आपण ठीक आहोत हे ज्याला स्वतःच्या आतून कधी कळत नाही, त्याला ते रोज दुसऱ्याकडून घ्यावं लागतं. मग समोरची माणसं माणसं उरत नाहीत, श्रोते होतात. बायकोसुद्धा. आणि त्यातल्या एकाने जांभई दिली तरी ती थोबाडीत बसल्यासारखी लागते.

"गोळ्या लिहून द्या," मी म्हणालो.

"याच्यावर गोळी नाही. मन खचलं, झोप उडाली तर त्यासाठी देता येते. यावर बोलणंच आहे. वर्ष, दोन वर्षं, कदाचित जास्त. बरेच जण मध्येच सोडतात, कारण इथे टाळ्या मिळत नाहीत."

मीही सोडलं. दोन गुरुवार घरी बसलो. मुलीचा फोन आला नाही. तिसऱ्या गुरुवारी बायकोने डबा भरून पुढ्यात ठेवला. "जावा. लेकीच्या लग्नात बसायचं आसंल तर जावा. मला बी तुमाला एकदा गप बसल्यालं बगायचंय."

पुन्हा जाऊ लागल्यावर एकदा डॉक्टरबाईंना स्कॉलरशिपची गोष्ट सांगितली. निकाल लागला तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं होतं. त्या म्हणाल्या, ही तुम्ही भाषणात सांगता ना? सांगतो. मग याच्या पुढचं सांगा, जे भाषणात नसतं. पुढचं असं होतं की तीन वर्षांनी दुसऱ्या परीक्षेच्या यादीत माझं नाव नव्हतं, आणि वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताटावर शेजारी बसायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. आणि सांगत असतानाच वाटलं, हे भाषणात किती चालेल! डॉक्टरबाईंनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं.

मग त्यांनी अभ्यास दिला. रोज दहा मिनिटं बायकोचं ऐकायचं, मध्ये स्वतःचं काही घुसडायचं नाही. पहिल्या दिवशी ती गुडघ्याचं सांगत होती. दोन मिनिटं कसाबसा तग धरला आणि माझ्या गुडघ्यावर आलो. आठ-दहा दिवसांनी पूर्ण दहा मिनिटं जमली. ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "आसं टक लावून बगू नका. भ्या वाटतं." एवढ्या वर्षांच्या संसाराची ही कमाई. मला स्वतःचीच चीड आली.

लग्नाआधीच्या गुरुवारी डॉक्टरबाई म्हणाल्या, "नुसतं गप्प बसणं हा अभ्यास नाही. मुलीकडे बघा. पुढच्या वेळी मला तिच्याबद्दल सांगा."

लग्नात मी माइकला हात लावला नाही. कर्जतहून दुसरा निवेदक आणला होता. सत्कार आटोपशीर झाले, अक्षता मुहूर्तावर पडल्या. मी मात्र सकाळपासून मांडवाच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, "आज मी बोलणार नाही बरं का. मुलीची इच्छा."

"सर, तुमी बोलनार न्हाई? मंग लगीन लागल्यासारखं वाटंल का?" एक जुना पालक म्हणाला.

मी मान खाली घालून म्हणालो, "लेकीच्या सुखापुढे काय आहे हो!" डोळे पाणावले. खरेच पाणावले, ते नाटक नव्हतं, आणि तेच जास्त वाईट आहे. निवेदकालाही आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने मंगलाष्टकांआधी जाहीर केलं की आमचे गुरुवर्य आज लेकीसाठी मौन पाळून आहेत. टाळ्या पडल्या. मी उठून चारही दिशांना हात जोडले. जेवणाच्या पंगतीतून फिरतानाही तेच.

पाठवणीच्या वेळी मुलगी पाया पडली. मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "बघ, शब्द पाळला."

ती सरळ उभी राहिली. आवाज चढवला नाही. "हो आप्पा. तुम्ही बोलला नाहीत हे जेवून गेलेल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे." मग वळून आईच्या गळ्यात पडली. गाडीत बसेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

मला भयंकर राग आला. इतकं करूनही? पुढच्या गुरुवारी तो राग घेऊनच नगरला गेलो. कोण कोण आलं होतं, कोण काय म्हणालं, टाळ्या कशा पडल्या, सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलीच्या अंगावर शालू कोणत्या रंगाचा होता?"

मला आठवेना. हिरवा असेल, म्हणालो. असेल? त्या म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये मी डोळे मिटून तिला आणायचा प्रयत्न केला. निवेदकाचा कोट आठवला. पुढच्या रांगेतल्या फेट्यांचे रंग आठवले. मुलीच्या जागी काहीच येईना.

घरी बायको मेथी निवडत होती. शालूचा रंग मी तिला विचारला. तिने मान वर केली नाही.

"जांभळा. माजाच नेसली हुती ती. आपल्या लग्नातला. लग्नाआदी तुमच्यासमोर धा दिवस दोरीवर वाळत हुता."

मी तिच्यासमोर खाली बसलो. आणि तिथेही पहिला विचार आला तो हाच, की पुढच्या गुरुवारी हे सांगितलं की डॉक्टरबाई किती हलतील. मग कुठे दुसरा विचार आला, की लेक त्या शालूत कशी दिसत होती. बायकोने तरी तिला पाहिलं होतं. मी विचारायला तोंड उघडलं, पण ती निवडलेली भाजी उचलून आत गेली होती.