शिवरंजनीताईंची हार्ड डिस्क

मुरुमच्या शिवरंजनीताई नवऱ्याच्या माराला कंटाळलेल्या बायकांना आधार देतात. त्या बायकांच्या तक्रारी, नवे पत्ते, सगळं ताईंच्या लॅपटॉपमध्ये असतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तो पासवर्डसकट दुरुस्तीला दिला होता. त्या दुकानातून एकीचा पत्ता फुटला आणि तिचा नवरा तिच्या दारात येऊन उभा राहिला. शेजारी धावले म्हणून ती वाचली. ताई तिच्यापुढं हात जोडून रडल्या. ती एवढंच म्हणाली, "म्या फक्त तुमालाच सांगितलं होतं, ताई." पुन्हा ती त्यांच्याकडं आली नाही.

यंदा लॅपटॉपचा स्क्रीन फुटला. ताई दुसऱ्या दुकानात गेल्या आणि तिथल्या मल्लेशला म्हणाल्या, "आधी हार्ड डिस्क काढून माझ्या हातात द्या."

"स्क्रीनच बदलायचाय की. माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?"

"तसं न्हाय, दादा. पण यातलं माझं काहीच न्हाय, दुसऱ्यांच्या लेकींचं हाय." ताईंनी घडलेलं सगळं सांगितलं.

मल्लेशनं स्क्रू काढले आणि डिस्क त्यांच्या हातावर ठेवली. "नवा स्क्रीन चालतो का, ते हिच्याबिगर बी कळतं," तो हळू आवाजात म्हणाला.

दोन दिवसांनी ताईंनी समोर उभं राहून डिस्क परत बसवून घेतली.