तव्यापुढची जागा

"हिला मागं बसव," वकीलसाहेब म्हणाले. "संडास धुणारीच्या हातची भाकर कोण खाईल?"

माझ्या मायच्या तोंडावर. माझ्या फूड ट्रकपुढं. जामबागेत, कॉलेजच्या पोरांनी भरलेल्या रस्त्यावर.

मायनंच त्यांना बोलावलं होतं. धंद्याची पहिली ताटली मोठ्या माणसाला द्यायची, ही आमची रीत. तिनं जन्मभर त्यांचे संडास धुतले. तिच्या लेखी तेच मोठे. मी नको म्हणाले होते. "त्यांनी तुझी फी भरली व्हती, बाई." भरली होती, एकदा. मग दर दिवाळीला पाहुण्यांपुढं मला उभं करायचे. "हिला आम्ही शिकवली."

मी बी.कॉम. आहे. घरात पहिली. गाडीचा खर्च मीच बसवला. जुना टेम्पो, पत्रा, वेल्डिंग, शेगड्या, लायसन, लायसनमागचं चहापाणी. बेगम बाजारातून परात, तवा. मायच्या पाटल्या गेल्या, माझ्या नोकरीतली शिल्लक गेली. सगळं हिशोबात धरलं होतं. हे धरलं नव्हतं.

"साहेब, भाकरी तीच थापणार. पुढं उभी राहून."

त्यांचा मुलगा हसला. "कायकू इत्ता गरम होरी? डॅडी तुझ्या भल्याचंच सांगतायत." गाडीत चढला. मायचं मनगट धरलं. "चल गे, उतर."

आणि माय उतरायला लागली. नवं लुगडं, पिठाचे हात, मान खाली. कुणी काही बोलायच्या आत त्यानं हिसका दिला. ती पायरीवरून तोंडावर आपटली. परात अंगावर. दात ओठात घुसला. पीठ लाल झालं.

तव्यावरचं उलथणं तापलेलं होतं. मी त्याच्या हातावर मारलं. ओढणाऱ्या हातावरच. कातडी चिकटली. तो किंचाळला. मी पुन्हा मारलं.

वकीलसाहेबांनी काठीनं गाडीची काच फोडली. "आमचं अन्न खाऊन माजली!"

"अन्न नाही. उष्टं!" मी ओरडले. "उष्टं दिलंत!"

पोलीस ठाण्यात एसआय, तिथला फौजदार, म्हणाला, "बडे लोगां हैं अम्मा. पाँव पकड लेव, बात खतम."

माय वाकली. फाटक्या ओठानं, वकीलसाहेबांच्या बुटांकडं. मी तिला दंडाला धरून वर ओढलं. जोरात. दुखलं असेल. दुखू दे.

केस दोन्हीकडून झाली. कोर्टाचा खर्च आता मी धंद्यातच धरते, गॅससारखा.

गाडी तिथंच लागते. माय रोज म्हणते, "बाई, मी मागं बसते, तू थाप." मी पीठ तिच्यापुढं सरकवते. तिचे हात कापतात, भाकर फाटते. मी फाटकी विकते. नको असेल त्यानं खाऊ नये.

तिला पुन्हा कुणी खाली ओढलं, तर मी हातावर थांबणार नाही.