पिठावर उरलेली खूण

मुरबाडच्या शाळेत माझा तास चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, बाई, सापगावहून तुमच्या घरून फोन होता, तुमचे दादा गेले, झटका आला. कशी निघाले, कोणती एसटी मिळाली, काही आठवत नाही. महिना होऊन गेला, तरी अजून कानात तो शिपाईच बोलतो...

शरददादा माझा थोरला भाऊ. मुंबईत एका संशोधन संस्थेत अणूच्या पोटातल्या कणांवर काम करायचा. नक्की करतोस काय, असं विचारून मी त्याला भंडावून सोडलं, तेव्हा म्हणाला, "आमी प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन मारतो नि ते कसे उधळतात ते बघतो. गणित सोपं व्हावं म्हणून प्रोटॉनला वजनच नाय असं धरतो. पण मारा हळू असला की मार खाणाऱ्याचं वजन मधे येतं, नि नसलेलं काहीतरी दिसतं. ते आधी वजा करायचं. माझी नोकरी तेवढीच." एकदा त्यांच्या आलेखावर नवाच उंचवटा दिसला, पेढे आणायची भाषा सुरू झाली. दादाने वजाबाकी केली आणि उंचवटा सपाट झाला. वाईट नाही वाटलं? मी विचारलं. "वाटलं ना. पण नव्हताच तो."

नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास बाबा गेले, तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्यांना ठेवलं होतं त्या जागी तांदळाचं पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली झाकली. सकाळी पिठावर खूण दिसली तर माणूस येऊन निरोप घेऊन गेला असं समजायचं. आईला पाखराचं पाऊल दिसलं. दादा माझ्या कानाशी पुटपुटला, "ही मुंग्यांची वाट, नि हा टोपलीचा काठ टेकलाय." आईला मात्र तो काही बोलला नाही.

दादाच्या वेळी टोपली मी उचलली. आईला आता दिसत नाही, आणि पोराने निरोप घेतला हे कळल्याशिवाय ती पाणीही प्यायला तयार नव्हती. मी दादासारखीच उकिडवी बसले. मुंग्यांची वाट सोडली, काठाची रेघ सोडली, वातीची काजळी सोडली. तरी मधोमध एक खूण उरली... अंगठा टेकवून उचलावा तशी. खोलीचं दार बंद होतं. मुंग्यासुद्धा तिला वळसा घालून गेल्या होत्या.

"काय दिसतंय गो? आला का माझा पोर?"

अजून एक वजाबाकी राहिली होती, हे मला कळत होतं. दादाच्या प्रोटॉनसारखा मार मला बसला होता, आणि माझं वजन मी काढलंच नव्हतं. ते काढलं की पीठ सपाट दिसेल, याची फार भीती वाटली.

"आला गो आई," मी म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.