दातमिस्त्री आणि झेंडूचा हार

दातमिस्त्री इंजिनाचं दुखणं दातांनी ऐकायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. डावा कान लहानपणीच गेलेला आणि उजवा त्यांनी बायकोसाठी राखून ठेवलाय, असं ते सांगत. एकदा अंधेरीत उभं राहून त्यांनी विलेपार्ल्यातल्या ट्रकची बेअरिंग वाजतेय हे ओळखलं होतं. हे मी स्वतः पाहिलंय, असं मी आजवर किमान दोनशे लोकांना सांगितलंय.

ते मूळचे मनोरीचे, घरात क्रूस, तोंडात अस्सल मराठी. अंधेरी पूर्वेला खाणीच्या रस्त्यावर पिंपळाखाली त्यांचं गॅरेज होतं; म्हणजे पिंपळ होता, गॅरेज आपण समजून घ्यायचं. बोलायचे कमी, पण जे बोलत ते इंजिनाच्याच भाषेत. शेजारणीला मुलगा झाला तेव्हा बघून आले आणि म्हणाले, "सेल्फ चांगला आहे. एका हाकेत सुरू होतो."

साठीच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. दादाचा आणि माझा मिळून एक ट्रक होता, लढाईत वापरून टाकून दिलेला. तो इतका म्हातारा होता की हॉर्न दिला की खोकायचा. खाणीतून खडी वर काढायची, एवढंच आमचं काम. आणि तो चढ! घारसुद्धा अर्ध्यावर बसून दम खायची. आमचा ट्रक अर्धा भरूनच कसाबसा वर यायचा. त्या वर्षी खाणीत नवे, दांडगे ट्रक आले आणि मुकादमाने दादाला सांगितलं, "दसऱ्याच्या खेपेला पूर्ण भरून वर या. नाही जमलं तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका."

दादाला तीन मुलं. शाळा त्याने तिसरीत सोडलेली, हातात स्टिअरिंगशिवाय दुसरी विद्या नाही. माझ्याकडे तर फक्त तोंड होतं. दादा रात्री झोपायचा बंद झाला. जेवताना मध्येच भात तसाच हातात धरून भिंतीकडे बघत बसायचा.

त्याच्या मनात मोठं इंजिन बसवायचं होतं. घाटकोपरच्या भंगारात त्याने एक डिझेल इंजिन हेरलं होतं, आमच्या खोलीत ठेवलं असतं तर आम्हाला बाहेर झोपावं लागलं असतं असं. मिस्त्रींनी मान हलवली.

"बसेल, शेठ. पण मागचा गिअरबॉक्स तोच ना? पोराच्या खांद्याला पैलवानाचा हात लावताय. खांदा निखळणार."

"मग काय करू? देव पाण्यात घालून बसू?"

"हेच इंजिन राहू दे. उपाशी नाही ते, त्याला हवा कमी पडतेय. मी हवा कोंबतो आत. लागेल तेवढाच जोर वाढेल, जास्त नाही."

वर्सोव्याला खाडीच्या चिखलात लढाईतल्या एका लाँचचं इंजिन गंजत पडलं होतं. त्याचा ब्लोअर, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, मिस्त्रींनी सोडवून आणला. सतरा दिवस ते त्याच्याशी झटले. पुढच्या पुलीवरून पट्टा घेतला, बॉनेटला भोक पाडलं, आणि त्यातून पितळेचं एक रुंद तोंड वर काढलं. हवा अडते म्हणून त्यावरची जाळीसुद्धा काढून टाकली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पूर्ण भरलेला ट्रक त्या चढावरून असा वर गेला की मागे उडालेली धूळ खाली यायला दुपार झाली. दादा स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला.

दसऱ्याला खाणीत काम नसतं, पण पूजा झाली की प्रत्येक गाडीने एक खेप काढायची, असा रिवाज. ट्रक भरून तळाशी उभा. दादा मुकादमाकडे गेलेला, मिस्त्री वाकून चाकं बघत होते. पूजा माझ्याकडे. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि झेंडूचा जाड हार घेऊन विचार केला, मान कोणाचा? नव्या पाहुण्याचा. तो हार मी त्या पितळी तोंडाभोवती घातला.

दादाने गाडी काढली, मी शेजारी बसलो. अर्धा चढ झकास गेला. मग दादाने पाय दाबला, आणि माझ्या डोळ्यांदेखत हार सुतासकट आत ओढला गेला. दादाची नजर चढावर होती. इंजिन एकदा गुदमरलं आणि बंद पडलं. ब्रेक धरेना. भरलेला ट्रक मागे घसरू लागला, खाली माणसं पांगली. मिस्त्री लाकडी ओंडका घेऊन मागून चालत येत होते. पळाले नाहीत. ओंडका चाकाखाली सारून त्यावर पाय रोवून उभे राहिले. ट्रक खाणीच्या कडेपासून हातभर अंतरावर थांबला.

बॉनेट त्यांनीच उघडलं. दादा खाली दगडावर बसला होता. मिस्त्रींनी ब्लोअरमधून केशरी लगदा ओढून काढला, माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना, आयुष्यात पहिल्यांदाच. लगदा त्यांनी चड्डीच्या खिशात कोंबला आणि हाक मारली, "शेठ, माझा अंदाज चुकला. याला एवढी हवा झेपली नाही."

सगळ्या खाणीने ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आमचं काम बंद, आणि दातमिस्त्रींचंही. त्यांच्या पिंपळाखाली कोणी ट्रक उभा करेना. दादाने हट्टाने ते मोठं इंजिन बसवलं, मुलुंडला दुसऱ्या खाणीत लागला. दीड महिन्यात गिअरबॉक्सचे दात भुगा होऊन रस्त्यावर सांडले. तेव्हाही तो मिस्त्रींनाच शिव्या देत होता.

मिस्त्री वर्सोव्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागले होते. मी गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांमागे ते बसले होते, दातांत स्क्रूड्रायव्हर.

"मी दादाला खरं सांगतो," म्हटलं.

"नको, बंड्या. चूक माझीच. सगळं मोजलं रे मी, दसरा नाही मोजला. आमच्या घरी नसतो ना."

"पण तुमचं नाव गेलं."

"जाऊ दे. इंजिनाच्या जोडात फट पडली तर मध्ये गॅस्केट घालता येतं. दोन भावांत फट पडली तर काय घालू मध्ये?"

मी परत आलो. दोन पावसाळ्यांनंतर ते वारले, मनोरीला. दादा मातीला आला नाही. पुढे तोही गेला. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं, आपला संसार त्या बहिऱ्या मिस्त्रीने बुडवला.

मी आयुष्यभर हजार गोष्टी फुगवून सांगितल्या. ही एकच जशीच्या तशी सांगायची होती, ती दादाला सांगितली नाही. दसऱ्याला माझ्या गाडीला मी लिंबू ठेवतो, नारळ फोडतो, हार घालत नाही. का, म्हणून नातवंडं विचारतात. मी म्हणतो, एकदा एका ट्रकने माझ्यासमोर हार खाल्ला होता. ती हसतात. आजोबांची आणखी एक थाप.