कुसुमअक्कांचा तिसरा फटका

संगीताचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. संगीता म्हणजे कुसुमअक्कांची भाची, धुळ्यात त्यांच्याकडेच लहानाची मोठी झालेली. "मावशी, अक्काला ट्रकनं उडवलं," एवढंच ती म्हणाली आणि मग फोनवर नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. सोनगीरच्या शाळेत मुलींचा सकाळचा कबड्डीचा सराव घेऊन अक्का स्कूटरवरून घरी निघाल्या होत्या. महामार्गावर मागून आलेल्या ट्रकनं त्यांना धडक दिली आणि बरंच अंतर फरफटत नेलं... मी जळगावहून पोहोचले तोवर त्यांना घरी आणलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगत होते, तोंडावरचं कापड काढू नका. मी काढलं नाही. नुसता खांद्याला हात लावला. तो रुंद खांदा मला चांगला ओळखीचा होता. त्यानंच मला एकदा नदीतून ओढून काढलं होतं.

आमची ओळख जेमतेम दोन वर्षांची. जळगाव-धुळे असं काही लांब नाही, पण आम्ही पहिल्यांदा भेटलो ते नेपाळमध्ये. माझे यजमान गेल्यावर आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं होतं. सगळे माझ्याशी जपून, हळू बोलायचे. त्या हळू बोलण्याचा मला वीट आला होता. एके दुपारी मोबाइलवर राफ्टिंगच्या सहलीची जाहिरात दिसली. एकट्यादुकट्यांनीही यावं, असं त्यात लिहिलं होतं. मी नाव नोंदवून मोकळी झाले. भावाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "तुला पोहता तरी येतं का?" येत नव्हतं. काठमांडूच्या हॉटेलात दहा अनोळखी माणसं जमली आणि माझ्या खोलीत साठीच्या एक बाई आल्या. खांदे पैलवानासारखे, डाव्या भुवईत आडवा व्रण. शाळेतून निवृत्त झाल्या तरी मुलींचा सराव घेणाऱ्या क्रीडाशिक्षिका, तरुणपणी जिल्ह्याच्या संघात कबड्डी खेळलेल्या. मी जळगावची आहे कळल्यावर त्यांनी बॅग पलंगावर आपटली. "मंग इतलं शुद्ध काबरं बोली राहिनी?" कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणी असं अहिराणीत ओरडून बोललं होतं. मला फार बरं वाटलं.

नदीवरच्या दुसऱ्या दिवशी ते घडलं. आमच्या रबरी बोटीत आमच्या दोघींबरोबर चाळीसगावचे विलासराव आणि त्यांची बायको मनीषा होते. विलासरावांचं हार्डवेअरचं दुकान. माणूस आडदांड, पण हसरा, आदल्या दिवशीपासून सगळ्यांना हसवत होता. एका वळणावर पाणी खडकांतून खाली कोसळत होतं. मागे बसलेला गाइड ओरडला, बोट एका लाटेवर उभी राहिली आणि उलटी आमच्या अंगावर आली. पाण्यानं मला धोपटायला सुरुवात केली. ते बुडणं नव्हतंच, मार होता तो. पाठ खडकावर आपटली, गुडघा आपटला, नाकातोंडात पाणी शिरलं. कशीबशी वर आले, तोच कुणीतरी माझे खांदे धरले. विलासराव होते. त्यांचे डोळे उघडे होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. जिना चढावा तसे ते माझ्यावर चढले. त्यांचा गुडघा माझ्या मानेवर आला, बोटं माझ्या हेल्मेटच्या पट्ट्यात अडकली आणि तो पट्टा गळ्याला आवळत ते मला खाली दाबत राहिले. मी ओरबाडलं, चावले. आपण मरतोय हे मला स्पष्ट कळलं... मग वरून एक हादरा बसला. पाठोपाठ दुसरा. गळ्याचा पट्टा सैल झाला आणि माझं डोकं पाण्याबाहेर आलं. तेव्हा मी तिसरा फटका पाहिला. उलट्या बोटीच्या दोरीत पाय अडकवून अक्का पाण्यात आडव्या पडल्या होत्या आणि वल्ह्याची मूठ त्यांनी सगळ्या ताकदीनिशी विलासरावांच्या तोंडात घातली. दात तुटल्याचा आवाज त्या पाण्याच्या गर्जनेतही मला ऐकू आला. मग वल्हं फेकून देऊन त्यांनी एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं त्यांना जॅकेटला धरलं, आणि मदत येईपर्यंत दोघांनाही सोडलं नाही.

काठावरच्या वाळूत विलासराव रक्त थुंकत बसले होते. वरचा ओठ फाटून लोंबत होता. मनीषा धावत आली आणि तिनं अक्कांच्या थोबाडीत मारली, मग दुसऱ्या गालावर मारली. अक्कांनी हात वर केला नाही. "मार, आखो मार," त्या म्हणाल्या. "तो जित्ता शे म्हनीसन तुले राग तरी ई राहिना." तो जिवंत होता, एवढंच त्यांना पुरेसं होतं. बाकीच्या लोकांनी मात्र निवाडा करून टाकला. बाई हिंसक आहे, हिला पोलिसात द्या, असं कुणीतरी म्हणालं. विलासरावांना टाके घालायला गावात नेलं, आणि आदल्या दिवशी आमच्याबरोबर गाणी म्हणणारी माणसं जेवताना ताटं उचलून लांब जाऊन बसली.

संध्याकाळी अक्का आणि मी तंबूबाहेर चहा घेत बसलो. भुवईवरच्या व्रणाची गोष्ट त्यांनी मला तेव्हा सांगितली. नवऱ्यानं तांब्या फेकून मारला होता. शाळेत मुलींना पकड शिकवायच्या आणि घरी येऊन मार खायचा, अशी कितीतरी वर्षं गेली. एक दिवस त्यांनी त्याचा उगारलेला हात पकडला आणि पिरगाळला. "हाड मोडलं त्याचं मला काही वाटत नाही, शैला. मोडल्याचा आवाज आला, तो गयावया करायला लागला, तरी मी पिरगाळतच होते... त्याचं वाटतं." मग त्यांनी विचारलं, "आज तो तिसरा मारला, तेव्हा त्यानं तुला सोडलं होतं का गं?" मी आठवून पाहिलं. पट्टा सैल झाला होता, पण त्यांची बोटं सुटली होती की नाही, मला खरंच सांगता येईना. "माहीत नाही," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि उरलेला चहा वाळूत ओतला.

परत आल्यावर आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी भेटत राहिलो. त्या फटक्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मला वाटलं, विसरल्या असतील.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी धुळ्याच्या घरी विलासराव आणि मनीषा आलेले पाहून मी चरकले. विलासरावांचा ओठ वाकडाच जुळला आहे. जेवणं झाल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. "ताई, तुम्हाला माहीत नसेल. त्या आमच्या दुकानात आल्या होत्या. गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, तू हात सोडल्यावर मी तुला एक जास्तीचा मारलाय, तो आज फेडून घे." मी विचारलं, "मग?" त्यांनी मान खाली घातली. "मारलं मी. खोटं कशाला सांगू, राग होताच. असं मारलं की त्या रंगाच्या डब्यांवर जाऊन पडल्या. तोंडातून रक्त आलं. ते पुसलं आणि म्हणाल्या, आते बरं वाटनं. आणि पाणी मागितलं." मनीषा पदरानं डोळे पुसत होती. मग विलासराव म्हणाले, "मी तेव्हा तुम्हाला सोडलं होतं की नव्हतं, ते मलाच आठवत नाही, ताई. एवढं तरी त्यांना सांगायला पाहिजे होतं..."

सगळे गेल्यावर सोनगीरच्या मुली तेवढ्या मागच्या अंगणात घुटमळत राहिल्या. अंगणात अक्कांनी चुन्याच्या फक्कीनं आखलेलं छोटं मैदान अजून तसंच होतं. "खेळा गं," संगीता म्हणाली, "तिला बसलेल्या पोरी आवडायच्या नाहीत." आधी कुणी हलेना. मग एक उंच मुलगी दम धरून आत शिरली. एकीनं तिचा घोटा पकडला आणि दोघी-तिघींनी मिळून तिला खाली आपटलं. माती उडाली, कुणाचंतरी कोपर फुटलं, खालची मुलगी रेषेकडे सरपटत राहिली आणि पकडणारीनं दात-ओठ खाऊन पकड आणखी आवळली. संगीतानं शिट्टी मारली. त्याबरोबर अंगणातल्या सगळ्या मुली एका आवाजात ओरडल्या, "सोड!" पकडणारीचे हात जागच्या जागी उघडले.

मी दचकून संगीताकडे पाहिलं.

"अक्कानं लावलेली सवय," ती म्हणाली. "आधी नव्हती. नेपाळहून आल्यावर लावली."