मुलींचं घर आणि आमच्या नणंदबाई

या जगात एखादी गोष्ट नीट चाललेली असू शकते, हे माझ्या नणंदबाईंना तत्त्वतःच मान्य नाही. पेशानं त्या भूल देणाऱ्या डॉक्टर. हजारो माणसांना त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावर शांत झोपवलं, पण जाग्या माणसाला कधी शांत बसू दिलं नाही. ब्रिस्बेनजवळ घाटमाथ्यावरच्या टूवूंबात राहून त्यांनी सकाळच्या चहाबरोबर काउन्सिलवर, जेवताना हवामान खात्यावर आणि संध्याकाळी, दुसरं कुणी हाताशी नसेल तर, माझ्यावर चिडावं असा शिरस्ताच पडला होता. एकदा त्यांच्याकडे पाण्याचा पाइप फुटला. प्लंबर घोटाभर पाण्यात उभा राहून हसत म्हणाला, "नो वरीज!" झालं! "वरीज नाहीत? मला आहेत ना! मला आहेत तर तुला का नाहीत?" बिचारा इतका घाबरला की पाना तिथंच विसरून गेला, आणि तो न्यायला त्यानं भावाला पाठवलं.

पण त्यांच्या संतापाचं खरं माहेर म्हणजे युनिव्हर्सिटीजवळचं 'मुलींचं घर'. पुण्याहून पुढच्या शिक्षणाला आल्या तेव्हा त्या तिथंच राहिल्या होत्या. तिथं राहून गेलेल्या मुलींनी पुढे एक कंपनी काढली आणि घर तिच्या नावावर केलं. माहेर चालवायला माहेरवाशिणींनीच काढलेली कंपनी! डायरेक्टर सगळ्या जुन्या रहिवासी, सगळ्या बिनपगारी. बाकीच्या देशभर पांगलेल्या, म्हणून गळणारं छप्पर, तुंबणारं बाथरूम आणि नव्या मुली, असा सगळा भार गावातल्या एकट्या नणंदबाईंवर. मीटिंगचा वृत्तांत लिहायला त्यांनी मला धरलं. मी त्या घरात एक रात्रही काढलेली नव्हती, पण "तू नाहीतरी गप्पच बसतेस" ही माझी पात्रता. मुली त्यांना वाघाला घाबरावं तशा घाबरत. मोरीत केस अडकले की त्या बाह्या सरसावून स्वतः काढत, आणि काढून होईपर्यंत आख्ख्या पिढीचे वाभाडे काढत. सोफ्यावर ओला टॉवेल दिसला तर विचारूच नका.

मग करोना आला. बहुतेक मुली घरी पळाल्या. उरल्या चौघी: नेपाळची, फिजीची, केनियाची आणि एक आमची सांगलीची. सीमा बंद, विमानं बंद, जाणार कुठं? आणि नेमकं तेव्हाच, भर थंडीत, आमच्या कंपनीच्या अध्यक्षबाईंनी दूर केलीव्हिलच्या आपल्या ऊबदार घरातून झूमवर सांगितलं, की एका बड्या कंपनीला इंजिनियरांसाठी सगळं घर हवंय, तेव्हा मुलींनी महिनाअखेर दुसरीकडे सोय बघावी. आवाज असा, की जणू पडदे बदलायचे आहेत! नणंदबाई उसळल्या. त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत अध्यक्षबाईंनी त्यांना चक्क म्यूट केलं. इतक्या वर्षांत जे आमच्या घरात कुणाला जमलं नाही, ते एका बटणानं केलेलं पाहून मला हसू यायला हवं होतं. पण माझंच डोकं फिरलं. गळकं छप्पर कुणी सांभाळलं होतं इतकी वर्षं?

त्यात मुलींच्या वतीनं मीटिंगला बसलेली सांगलीची पोर हळूच म्हणाली, "इट्स ओके. वी विल मॅनेज."

पडद्यावरून नणंदबाई गायब झाल्या. थोड्याच वेळात त्या मुलींच्या घराच्या दारात होत्या. मागोमाग मीही पोचले. "ओके? काय ओके?" त्या पोरीला विचारत होत्या. "कुठं जाणारेस? कोण घेणारे तुला आत्ता दारात?"

"आंटी, आय डिडन्ट वॉन्ट टू मेक ट्रबल..."

"मग कर! अगं, जिच्यावर अन्याय होतोय तीच ओके म्हणायला लागली, तर मी भांडू कुणासाठी?"

पोर रडायला लागली. मग नणंदबाई तिच्या रडण्यावर चिडल्या, रुमाल सापडेना म्हणून रुमालावर चिडल्या, आणि शेवटी स्वयंपाकघरात जाऊन चौघींसाठी खिचडी टाकली. दुसऱ्या दिवशी गादी आणि कुकर घेऊन त्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या जुन्या खोलीत राहायलाच गेल्या. "मीही जुनी रहिवासी आहे," त्यांनी अध्यक्षबाईंना कळवलं, "मला बाहेर काढायला कोण येतंय तेवढं सांगा." मग पार उत्तर टोकाच्या डार्विन शहरापासून देशभरातल्या एकेका माहेरवाशिणीला फोन. "तुझं लग्न मोडलं तेव्हा कुठं येऊन राहिली होतीस गं? विसरलीस?" पुढच्या मीटिंगला घर भाड्यानं द्यावं म्हणून एकच हात वर झाला, अध्यक्षबाईंचा. आमच्या वृत्तांतात मी ते जरा ठळक अक्षरात लिहिलं.

सीमा उघडेपर्यंत नणंदबाई तिथंच राहिल्या. हीटरवरून भांडल्या, पिठलं शिकवलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी आरडाओरडा करून मुलींना लवकर झोपायला लावलं. सांगलीची पोर हळूहळू त्यांना तोंड द्यायला शिकली. "उलट बोलते गं मला!" त्या फोनवर तक्रार करायच्या, आणि आवाजात असा आनंद, जणू पोरगी पहिली आलीय.

अखेर विमानं सुरू झाली. ती पोर सगळ्यांत शेवटी निघाली. आम्ही दोघी तिला ब्रिस्बेनला सोडायला गेलो. काउंटरवरच्या माणसानं तिची बॅग विनाकारण बाजूला काढली, तशी ती अशी काही कडाडली की आजूबाजूची रांग वळून बघायला लागली. नणंदबाई मात्र मागे गप्प उभ्या होत्या. बॅग गेली, पोर वाकून पाया पडली, गेली.

परतताना घाट लागेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला ती शांतता सोसेना. पुढे एक ट्रकवाला रस्ता अडवून रखडत चालला होता, तर मीच त्याच्यावर खेकसले.

"जाऊ दे गं," खिडकीबाहेर बघत नणंदबाई म्हणाल्या. "लांबून येत असेल. दमला असेल."